एकाच गंजातून (पातेल्यातून) लेकराचं आणि घरचं: तिखट घरात दहा महिन्यांच्या बाळाचं जेवण कसं काढावं?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातलं खेडं, घरात सात माणसं. मुलगी चार वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. कापूस वेचणी सुरू आहे, सकाळी आठच्या आत डबे भरून व्हावे लागतात. दोन बर्नरची शेगडी आणि मागच्या पडवीत चूल. लेकरांचा स्वयंपाक रोज वेगळा मांडणं जमण्यासारखं नाही, आणि घरची भाजी भिवापुरी मिरचीची, झणझणीत.

घरच्याच वरण-भाजीतून लेकराचं काढायचं तर नेमकं कधी काढायचं? सासूबाई म्हणतात वरणाचं वरचं पाणी पाज, पचायला हलकं असतं. तेवढं पुरतं का? बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ पाच शिट्ट्या होऊनही कणीदार राहते, घोटली तरी एकजीव होत नाही, त्याचं काय करावं? आणि मोठीला ज्वारीची भाकर चावायचा कंटाळा, पोळीच मागते. भाकर मऊ राहण्याची काही युक्ती असली तर तीही सांगा.

चुलीपाशी

ताई, आधी वरणाच्या पाण्याचं बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. डाळीचा कस खाली बसलेल्या लगद्यात असतो, वरच्या पाण्यात रंग आणि चव तेवढी. दहा महिन्यांच्या लेकराच्या पोटात एका वेळी अर्धी वाटी, म्हणजे साधारण 125 मिली अन्न मावतं. ती जागा पाण्यानं भरली की लेकरू शांत होतं, पण अंगी काही लागत नाही. चमचा तिरपा केल्यावर वरण ओघळून न जाता त्यावर टिकलं पाहिजे, एवढं घट्ट हवं. असं अर्धी वाटी दिवसातून तीन-चार वेळा, आणि आईचं दूध चालूच. सासूबाईंना ‘तुमचं चुकलं’ म्हणू नका. ‘पाणी नको, घोटलेलं देते’ म्हणा, तेवढ्यात विषय संपतो.

आता काढायची वेळ. डाळ शिजली, रवीनं घोटली, तिच्यात हळद-हिंग आहे, पण मीठ, तिखट, चिंच यातलं काही नाही, त्या क्षणी लेकराचं काढायचं. त्यानंतर मीठ घालून मोठीचं काढा. मग उरलेल्या गंजावर मिरचीची फोडणी द्या. हा क्रम एकदा हाताला बसला की वेगळा स्वयंपाक असा काही उरत नाही. तिखट घातलेलं वरण पाणी घालून लेकराजोगं करायला जाऊ नका. मिरचीचा जाळ तेलात विरघळतो, पाण्यात नाही. पाणी वाढवून वरण फक्त पातळ होतं, झोंबायचं तेवढं झोंबतंच.

कुकर असा लावा. पाच लिटरचा कुकर, तळाला दोन वाट्या पाणी. खालच्या डब्यात 1 वाटी तूरडाळ, 3 वाट्या पाणी, चिमूट हळद, अर्धा चमचा तेल (फेस उतू जात नाही). मधल्या डब्यात 1 वाटी तांदूळ, 2 वाट्या पाणी. वरच्या छोट्या डब्यात लेकराचं: 2 मोठे चमचे तांदूळ, 1 चमचा मूगडाळ, 12 चमचे पाणी. हा डबा अर्ध्याच्या वर भरू नका, नाहीतर सगळं खालच्या भातात उतरतं. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या, मग बारीक आचेवर सात-आठ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. शिटी उचलून वाफ काढली तर डाळ वर उसळते आणि शिटीचं भोक चोंदतं.

कणीदार डाळीची कारणं दोन, जुनी डाळ किंवा जड पाणी. बोअरच्या पाण्यातला चुना डाळीच्या पेशींना धरून ठेवतो, त्या सुटत नाहीत. अशा वेळी शिट्ट्या वाढवून गॅस तेवढा जळतो. पाणी आदल्या रात्री दहा मिनिटं उकळा आणि झाकून ठेवा. सकाळी तळाला पांढरा साका बसलेला दिसेल. तो न हलवता वरचं पाणी फक्त डाळीपुरतं घ्या. डाळ धुऊन त्याच पाण्यात अर्धा तास भिजवा. गावात विहिरीचं पाणी गोडं असेल तर डाळीपुरतं ते आणा. चिंच, भेदरं (टमाटे), कैरी डाळ पूर्ण शिजल्यावरच, आंबटानं डाळ आखडते. सोडा टाकला तर डाळ चटकन गळते हे खरं, पण बी-1 जीवनसत्त्व त्यात जातं. लेकराच्या वरणात सोडा नकोच.

आणखी एक. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. पाण्याची तपासणी झाली आहे का ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी लेकरांना प्यायलाही नको आणि स्वयंपाकालाही नको.

तिफण

भाकरीचं मी सांगतो, वहिनी.

ज्वारीच्या पिठात गव्हासारका चिकटपना नाई. जे काई पकड येते ते उकयत्या पान्यानं येते. कोमट पान्यानं भिजवली का भाकर चिरते, आन् थंडी झाली का चामड्यासारकी होते. परातीत दोन वाट्या पीठ घ्या, मंदात खड्डा करा, एक वाटी खयखय उकयतं पानी घाला, सराट्यानं (उलथन्यानं) फिरवा आन् पाच मिनिटं झाकून ठेवा. मंग तयहाताच्या टाचेनं रगडा. लोन्यासारकं झालं पायजे. अख्खा गोया एकदम नका मयू, एका भाकरीपुरता घ्या आन् लगेच थापा.

दयन पंधरा दिसापुरतंच आना. पीठ जुनं झालं का त्याची विरी (पकड) जाते, मंग किती बी रगडा.

तव्यावर टाकल्यावर वरून पानी लावता नं, ते सुकायच्या आंदी पलटवा. पानी पुरं वायलं का वरचा पापुद्रा कडक होते आन् भाकर फुगत नाई. फुगली का पापुद्रा सुटा होते, तोच लेकराले द्या, खालची जाड बाजू आपन खावा. मोठीले तिच्या हातायेवढी चानकी (लहान भाकर) करून द्या. ताटात आख्खी भाकर पाहूनच पोट्टे कंटायतात.

काला करायचा असन तर भाकर गरम असतानीच कुस्करा, थंडी झाल्यावर चुरा होते पन भिजत नाई. पाव भाकर, पाऊन वाटी गरम घट्ट वरन, एक चमचा तूप नाईतर घान्याचं तेल, धा मिनिटं झाकन.

पऱ्हाटी

धन्यवाद भाऊ. पाणी उकळतं नसायचं, तिथंच गोम होती बहुतेक.

लहान्याचं एक राहिलं. खिमट घट्ट केलं की तो तोंड फिरवतो, पातळ केलं की तुम्ही म्हणता अंगी लागत नाही. मिक्सरमधून काढून देऊ का? आणि ज्वारीला मोड आणून पीठ केलेलं चालतं का? घरची ज्वारी भरपूर आहे.

कणगी

ज्वारीला मोड आणू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. ढोरांना ज्वारीचं कोवळं धांडं (ताट) लागून जनावर दगावतं ते याच द्रव्यानं. कोंब आणि मुळं पूर्ण चोळून काढली तर धोका बराच कमी होतो, पण घरगुती पाखडण्यात ती पूर्ण निघतील याची खात्री कोण देणार? मोडाचं पीठ गव्हाचं करा, नाहीतर नाचणीचं. मोड न आणलेल्या ज्वारीचं पीठ, कण्या, भाकर यांना काही अडचण नाही.

मोडाच्या पिठाचं खरं काम वेगळंच आहे, आणि तुमच्या अडचणीवर तेच औषध. धान्याला मोड येताना त्यात पिष्ट तोडणारं एक विकर (एन्झाइम) तयार होतं. घट्ट खिमटात असं पीठ एक चमचाभर मिसळलं की दहा मिनिटांत ते आपोआप पातळ पडतं, पाण्याचा थेंब न वाढवता. म्हणजे वाटीत धान्य तेवढंच राहतं आणि लेकराला गिळायला सोपं जातं.

पाव किलो गहू निवडून धुवा, रात्रभर भिजवा, सकाळी पाणी पूर्ण निथळा. ओल्या सुती फडक्यात सैल बांधून टांगा. दिवसातून दोनदा फडकं ओलं करा. उन्हाळ्यात एका दिवसात, थंडीत दोन दिवसांत बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढे मोड येतात. आंबूस किंवा बुरशीचा वास आला तर सगळं फेकून द्या, धुऊन वाचवायला जाऊ नका. पातळ कपड्याखाली उन्हात वाळवा. दाताखाली कटकन फुटला पाहिजे. हातानं चोळून मोड झाडा. मग तव्यावर अगदी मंद आचेवर शेका, नुसता वास सुटेपर्यंत. नव्वद टक्के बाया इथंच फसतात. सातूच्या पिठासारखं खमंग लाल भाजलं की विकर मरतं आणि पीठ नुसतं पीठ उरतं. दळून चाळा, कोरड्या डब्यात ठेवा, महिन्याभरात संपवा.

वापर असा. 3 मोठे चमचे गव्हाची सोजी आणि दीड चमचा भाजलेल्या मूगडाळीचं पीठ एक वाटी पाण्यात शिजवा, गंजाच्या कडा सुटेपर्यंत. खाली उतरवून दोन-तीन मिनिटं थांबा. उकळतं असताना टाकलं तर विकर लगेच मरतं, कोमट झाल्यावर टाकलं तर फार हळू काम करतं. वाफ येतेय पण बुडबुडे थांबलेत, त्या वेळी एक सपाट लहान चमचा मोडाचं पीठ टाका आणि ढवळत राहा. पातळ झालं की परत मिनिटभर उकळून घ्या. भिजवलेल्या-वाळवलेल्या धान्यावर जंतू असतात, ते कच्चं पोटात जायला नको. शेवटी एक चमचा तूप.

मिक्सर आता सोडाच. दहाव्या महिन्यात मऊ गुठळ्या तोंडात फिरवायची सवय लागायला हवी. या वयात सगळं गुळगुळीत दिलं की पुढं दीड-दोन वर्षांचं होऊनही लेकरू घास चावत नाही, गालात धरून बसतं. पळीनं किंवा बोटानं चेपा, तेवढं पुरे.

सातूचं पीठ-गूळ-पाणी कालवून देण्याची पद्धत आहे आपल्याकडं. वर्षाच्या आत ती नको. एक तर गूळ नको, दुसरं म्हणजे ते न उकळलेल्या पाण्यात कालवलं जातं. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नाही. त्यातल्या एका जंतूचं विष तान्ह्या पोटात तयार होऊ शकतं.

वर्धेकाठची

कणगीताईंशी बाकी सहमत. पण वरचं मिठाचं मला पटत नाही. अळणी वरण लेकरू खाईल तरी कसं? आमच्याकडं सहाव्या महिन्यापासून चिमूटभर घालतात आणि पोरं व्यवस्थित आहेत.

चुलीपाशी

अळणी आपल्याला लागतं, त्याला नाही. त्यानं खारट चाखलेलंच नसतं. वर्षाच्या आतल्या लेकराला दिवसभरात 1 ग्रॅमपेक्षाही कमी मीठ लागतं, आणि आईच्या दुधातून व धान्यातून तेवढं मिळून जातं. त्याची मूत्रपिंडं जास्तीचं मीठ बाहेर टाकायला अजून तयार नसतात. चवच हवी तर तुपात जिरं फुलवून ते चुरून घाला, किंवा सांभाराची (कोथिंबिरीची) पानं डाळीसोबतच शिजवा. वर्षानंतर घरच्या वरणातलं कमी मिठाचं चालतं. तिथून पुढं हळूहळू.

अंबाडीचं फूल

वरणाबद्दल सगळे बोलले, भाजी राहिली.

अंबाडीची भाजी लेकरांना चालते, फक्त आंबटपणा मोडावा लागतो. पानं उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं टाका, ते पाणी ओता, भाजी पिळून घ्या. थोडं जीवनसत्त्व जातं, पण पोटाला बाधत नाही आणि खाल्ली जाते. मग दोन मुठी पानांना पाव वाटी तूरडाळ आणि दोन चमचे ज्वारीच्या कण्या किंवा तांदळाची कणी एकत्र शिजवून घोटा. इथं लेकरांचं काढा. उरलेल्या भाजीला लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी. कण्या आधी दोन तास भिजवलेल्या असाव्यात, नाहीतर डाळ गळते आणि कणी दाताखाली येते.

ही भाजी लोखंडी कढईत केली तर आंबटानं कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं, ते लेकरांच्या कामाचं. पण झाली की लगेच स्टीलच्या गंजात काढा. कढईत राहिली की काळी पडते आणि धातूची चव धरते. जर्मलच्या (अॅल्युमिनियमच्या) भांड्यात अंबाडी, ताक, कढी काहीच शिजवू नका. पितळेचं असेल तर कल्हई पाहूनच.

वरण-भाजीवर जेवताना लिंबाचे चार-पाच थेंब पिळा. डाळ आणि पालेभाजीतलं लोह त्यानं जास्त अंगी लागतं. चहा नेमका उलटं करतो. मोठीला जेवणासोबत कपात चहा ओतून द्यायची सवय असेल तर ती मोडा.

जवसाची चटणी मोठीसाठी बिनमिरचीची वेगळी कुटून ठेवता येते. जवस मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत भाजायचं, थोडं तीळ, जिरं, मीठ. गरम असताना कुटलं तर तेल सुटून गोळा होतो, गार होऊ द्या. आठ-दहा दिवसांपुरतंच करा, कुटलेलं जवस लवकर खवट होतं. अर्धा लहान चमचा भाकरीवर तेलासोबत. शेंगदाण्याचंही कूटच. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या, बियांसकट बोरं पाच वर्षांच्या आत हातात देऊ नका, तुमच्या मोठीलाही नाही. शेतातून येताना ओटीत बोरं आणणारी आजी प्रत्येक घरात असते. तिला बी काढून द्यायला सांगा.

फोडणीच्या वेळी लेकरू कडेवर नको. तिखट सरळ तापल्या तेलात पडलं की जळतं आणि ठसका घरभर होतो. वाटीत दोन चमचे पाण्यात तिखट कालवा आणि कांदा परतल्यावर ते घाला. रंगही चांगला येतो. मिरची कुटल्यावर हाताला आधी तेल चोळा आणि मग साबणानं धुवा, नुसत्या पाण्यानं जाळ जात नाही. त्याच हातानं लेकराचं नाक पुसलं की दुपार रडण्यात जाते.

कणगी

अंडं कोणी घेतलं नाही. घरी चालत असेल तर दहा महिन्यांच्या मुलाला पूर्ण उकडलेलं, पिवळं-पांढरं दोन्ही, भातात चेपून. पहिल्यांदा थोडंच द्या, आणि अंगावर पुरळ किंवा उलटी होते का ते पाहा. पाणी उकळायला लागल्यापासून बारा मिनिटं. उन्हाळ्यात ‘उष्ण पडतं’ म्हणून बंद करायची गरज नाही.

पऱ्हाटी

फार कामाचं सांगितलं सगळ्यांनी. शेवटचं विचारते. संध्याकाळी शेतातून आल्यावर एकच काही लावायचं असलं तर वरणफळं करते. ती लहान्याला देता येतील का? आणि सकाळचा भात-वरण संध्याकाळपर्यंत ठेवला तर?

चुलीपाशी

वरणफळं उत्तम, लेकरांच्या घराला यापेक्षा सोयीचं काही नाही. दोन गोष्टी सांभाळा. एक, पीठ वरण पितं. 1 वाटी डाळीचं घोटलेलं वरण आणि दीड वाटी कणकेची फळं असतील तर वरणात चार-साडेचार वाट्या गरम पाणी वाढवून आधी खळखळ उकळू द्या. थंड पाणी घातलं की उकळी बसते आणि फळं एकमेकांना चिकटून गोळा होतो. दोन, लहान्यासाठी त्याच पोळीची एक पट्टी नखाएवढ्या तुकड्यांत कापा. बाकीची शंकरपाळ्याच्या आकाराची. फळं एक-एक सोडा. वर तरंगली म्हणजे शिजली असं नाही, तरंगल्यावर अजून सहा-सात मिनिटं. एक फळ बाहेर काढून मोडून पाहा. मधोमध पांढरी रेघ दिसली तर कच्चं आहे, लेकराचं पोट दुखेल. कणकेत आणि वरणात मीठ नाही. लेकराचं काढून चेपा, तूप घाला. मग मीठ घाला आणि मोठीचं काढा. उरलेल्यावर लसणाची फोडणी.

सकाळचं संध्याकाळी मात्र लेकराला नको. शिजलेलं अन्न बाहेर दोन तास, आणि पारा 32 अंशांच्या वर गेला की एक तास, एवढीच मुदत धरा. वीज जाते-येते त्यामुळे फ्रिजवरही भरवसा ठेवू नका. भाताचं तर विशेष. गरम भाताचा गंज झाकून तसाच राहिला की त्यात एक जंतू विष सोडतो, आणि भात परत गरम केला तरी ते विष जात नाही. संध्याकाळी हवाच असेल तर भात ताटात पसरून पटकन गार करा, फ्रिज चालू असल्याची खात्री करून ठेवा आणि वाफा येईपर्यंत गरम करा, तेही मोठ्यांसाठी. लेकराला संध्याकाळी कणगीताईंची सोजी, पंधरा मिनिटांत होते. सोजी आणि मूगडाळीचं पीठ आठवड्याचं एकत्र मिसळून डब्यात भरून ठेवा, म्हणजे तेवढं मोजत बसायचं काम वाचतं.